माफीचं नंतर बघू, आधी आईकडून सगळं ऐकून घ्या

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. तुमचं वय ४३, माहेर सांगलीकडचं. आठ महिन्यांपूर्वी वडील गेले, वारस नोंदीसाठी कागद शोधायला घेतले आणि आईच्या कपाटात साड्यांच्या खाली एक पिशवी सापडली, त्यात १९८२ सालचा कोर्टाचा परवानगीचा हुकूम आणि रजिस्टर केलेलं दत्तकपत्र. आईला विचारलं तर ती "तुझ्या आजीनं शपथ घातली होती" एवढंच बोलली आणि रडायला लागली, आणि मग विषयच बंद. त्यानंतर कळलं की तुमच्या नवऱ्याला आणि सासऱ्यांना हे लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. चुलतभाऊ "रक्ताची थोडीच आहे" असं बोलून गेला. आणि आता घरातलं प्रत्येक माणूस म्हणतंय की आई ७४ वर्षांची आहे, किती दिवस राहिलेत, माफ करून टाक. तुम्ही विचारलंय की माफ कसं करू, १६ वर्षांच्या मुलीला सांगू का, आणि जन्म दिलेल्या आईला शोधू का.

मी दत्तकाच्या कामात २६ वर्षं आहे, समुपदेशक म्हणून. मूल घ्यायला येणारे आईवडील, मूल सोडायला आलेल्या मुली, आणि गेल्या दहाबारा वर्षांत तर सगळ्यात जास्त तुमच्यासारखी माणसं, म्हणजे चाळिशीत पन्नाशीत अचानक कळलेली. त्यामुळे जे लिहितेय ते अनुभवाचं आहे.

आधी चुलतभावाचं निपटून टाकू, कारण ती भीती मनात असली की बाकी काही नीट सुचत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यात स्पष्ट आहे की दत्तक दिल्याच्या तारखेपासून मूल सगळ्या बाबतींत दत्तक आईवडिलांचंच. एकदा वैध रीतीने झालेलं दत्तक रद्द करता येत नाही, आईवडिलांनाही नाही, मग चुलत्याचा तर प्रश्नच येत नाही. संस्थेतून घेतलेल्या मुलाला त्या काळी कोर्टाची परवानगी लागायची, तीच तुमच्या पिशवीत आहे, आणि दत्तकपत्र रजिस्टर असेल तर कोर्ट ते कायदेशीर झालंय असंच धरून चालतं, नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. आजी आता नाहीत आणि तुम्ही एकुलत्या एक आहात असं धरून सांगते, वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या वाट्याचं जे काही आहे ते तुम्ही आणि आई दोघींचं, सारखं. एकच विनंती, या मनःस्थितीत कोणी हक्कसोडपत्र पुढे केलं तर सही करू नका. मी बघितलंय, आपण उपरे आहोत असं वाटायला लागलेली माणसं "मला काहीच नको" म्हणून सही करून मोकळी होतात आणि दोन वर्षांनी राग ओसरल्यावर हात चोळत बसतात. वकिलाला कागद दाखवा आणि हा विषय बाजूला ठेवा.

आता खरं दुखणं. तुम्ही लिहिलंय "मला दत्तक घेतलं याचं दुःख नाही, पण". हा "पण" मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलाय. त्याच्यापुढे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, ती म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. मावशीला माहीत, शेजारच्या काकूंना माहीत, सासऱ्यांना सांगितलं कारण "उद्या पाहुण्यांची फसवणूक झाली असं नको", आणि जिच्याबद्दल आहे तिलाच नाही. लग्न जमवताना मुलाकडच्यांना खरं सांगायचं आणि मुलीला नाही, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय आणि मला ते दर वेळी तितकंच लागतं. तुमचा राग बरोबर आहे. तो आईच्या वयाकडे बघून गिळायची गरज नाही.

पण तुमच्या आजीच्या शपथेबद्दल मला जरा थांबून बोलायचंय.

आपल्याकडे दत्तक ही कधीच लपवायची गोष्ट नव्हती. दत्तकविधान चारचौघांत व्हायचं, भाऊबंद बोलवून, मांडीवर बसवून, जेवणावळी घालून. कोल्हापूरचे शाहू महाराज हे कागलच्या घाटग्यांकडून १८८४ साली दत्तक आले, हे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि तिथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा स्वतः दत्तक घेतला, यशवंत. लपवलं नाही काही. उलट जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात त्याला वारस केलं, तो पुढे डॉक्टर झाला, १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेक दोघं रुग्णांची सेवा करत होते आणि त्यातच सावित्रीबाई गेल्या. म्हणजे उघडपणे सांगण्याची परंपरा आपल्याच मातीतली आहे, बाहेरून आलेलं हे फॅड नाही.

मग लपवाछपवी कधी सुरू झाली? माझं मत असं की वतन, जमीन, श्राद्ध यासाठी घरातलाच मुलगा घेत होते तोवर ते मिरवायचं होतं. (आणि मुलगाच, कारण एखाददुसरी रूढी सोडली तर हिंदूंमध्ये मुलगी दत्तक घेता यायला लागली ती १९५६ च्या कायद्यानं.) पण बाईला मूल होत नाही म्हणून संस्थेतून अनोळखी बाळ आणायची वेळ आली तेव्हा ते उघड करणं म्हणजे बाईच्या कपाळावर "वांझ" लिहिणं झालं. तुमच्या आईच्या पिढीतल्या बायकांनी मला जे सांगितलंय ते ऐकवत नाही. डोहाळजेवणाला बोलवायचं नाही, बोलावलं तर ओटी भरायला पुढे होऊ द्यायचं नाही, बारशाला पाळण्याजवळ येऊ नको म्हणायचं. सासू रोज मुलाच्या दुसऱ्या लग्नाचं काढणार. एका बाईंनी मला सांगितलं की त्या सहा महिने पोटाला चादरीची घडी बांधून फिरल्या, मग "बाळंतपणाला" म्हणून लांबच्या गावी बहिणीकडे गेल्या आणि बाळ घेऊनच परत आल्या. त्या हे सांगत होत्या तेव्हा ८० च्या होत्या आणि अजूनही दार लावून घेतलंय ना हे दोनदा बघितलं त्यांनी.

तुमच्या आजीनं शपथ घातली ती याच जगात. कदाचित नातीला कोणी काही बोलू नये म्हणून, कदाचित घराण्याचं नाव म्हणून, कदाचित सुनेवर पकड ठेवायला, हे तिन्ही एकदम पण असू शकतं. मी हे समर्थन म्हणून सांगत नाहीये. तुमच्या हक्काची माहिती ४३ वर्षं अडवून ठेवली गेली ती गेलीच. पण तुमची आई ही गुपित ठेवणारी होती तशीच त्या गुपिताखाली दबलेली पण होती, हे धरूनच तिच्याशी बोलायला बसा, नाहीतर ती परत रडेल आणि परत विषय बंद होईल.

आता माफीचं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली ती सांगते. तिशीचा एक मुलगा आणि त्याची आई, असंच अचानक कळलेलं. मी दोघांना समोरासमोर बसवलं, दीड तासात दोघांना रडवलं, त्याच्याकडून "आई मी तुला माफ केलं" वदवून घेतलं, दोघांनी मिठी मारली आणि मला वाटलं किती छान काम झालं. तो मुलगा त्यानंतर चार वर्षं घरी गेला नाही. पुढे तोच मला म्हणाला, मॅडम, तुम्ही मला माफ करायला लावलंत पण काय माफ करायचं तेच मला माहीत नव्हतं, आणि एकदा माफ केलं म्हटल्यावर पुढे काही विचारायची सोयच राहिली नाही. तेव्हापासून मी कोणालाही माफ करा असं सांगत नाही. आपल्या घरांमध्ये "माफ कर" याचा अर्थ बऱ्याचदा "आता गप्प बस" एवढाच असतो. म्हणजे पहिलं गुपित आईनं ठेवलं आणि आता तुमचा राग हे दुसरं गुपित, ते तुम्ही ठेवायचं. नको. तुम्हाला जे माहीतच नाही ते तुम्ही माफ करू शकत नाही, आणि तुम्हाला आत्ता फक्त दोन कागद माहीत आहेत.

म्हणून आधी सगळी हकीकत ऐका, आणि ती आईच्या तोंडून ऐका. मावशीकडून नाही, नवऱ्याकडून तर नाहीच.

कसं बसायचं ते सांगते. सण, श्राद्ध, वर्षश्राद्ध असल्या दिवशी नको. दुपारी, जेवण झाल्यावर, घरात तुम्ही दोघीच असाल असा दिवस बघा. एका बैठकीत सगळं उरकायचं नाही, ७४ वर्षांचं माणूस आहे, अर्धा पाऊण तास झाला की उठायचं, चहा करायचा, दुसरं काहीतरी बोलायचं, आणि चार दिवसांनी परत. आणि "का लपवलंस" हा प्रश्न पहिल्या दोन तीन बैठकांत अजिबात विचारू नका. तो ऐकला की समोरचं माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभं राहतं. त्याऐवजी लहान लहान विचारा. मला आणायला कोण कोण गेलं होतं? एसटीनं गेलात की गाडी केली होती? मी किती महिन्यांची होते? अंगावर काय होतं? पहिल्या रात्री झोपले का? नाव कोणी ठेवलं, आधीचं काही नाव होतं का? आजीनं मला पहिल्यांदा कधी घेतलं? असं विचारलं की आठवण सुरू होते, आणि आठवण सुरू झाली की "का" आपोआप मध्ये येतो, आई स्वतःच सांगायला लागते.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पन्नाशीचे एक गृहस्थ, घरातला फोटो अल्बम त्यांच्या पाचव्या महिन्यापासून सुरू होतो, आधीचा एकही फोटो नाही, लहानपणी विचारलं की सांगायचे पावसात भिजून खराब झाले. खरं कळल्यावर त्यांचा सगळा राग त्या अल्बमवर होता, म्हणे माझे पाच महिने चोरले यांनी. आईशी असंच थोडं थोडं बोलत गेले. तिसऱ्या की चौथ्या वेळेला आई म्हणाली की कोर्टाची परवानगी यायला वेळ लागत होता, तर मी आणि हे दर शनिवारी एसटीनं तुला बघायला यायचो, सात शनिवार, घरी सांगायचो देवाला जातोय. ते माझ्यासमोर बसून मला हे सांगत होते आणि मध्येच थांबले, म्हणाले "म्हणजे ती यायची मला भेटायला". त्यांनी आईला माफ केलं की नाही हे मी विचारलं नाही. ते दर रविवारी आईकडे जेवायला जायला लागले एवढं मला माहीत आहे.

आणि ऐकून झाल्यावर, दोन महिने लागोत की सहा, एकदा तुमची बाजू आईला सांगा. न ओरडता पण न गुळमुळीत करता. "सासऱ्यांना सांगितलंस आणि मला नाही, याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं." ती रडेल. रडू द्या. म्हातारं माणूस रडतंय म्हणून आपण लगेच "जाऊदे जाऊदे" म्हणतो ना, ते करू नका, हात धरून बसा पण शब्द परत घेऊ नका. तिलाही कधीतरी हे ऐकायचंच होतं, मी सांगते तुम्हाला, या आया ४० वर्षं दाराची बेल वाजली तरी दचकत असतात.

यातून माफी येईल का? येईल बहुतेक. पूर्ण नाही येणार कदाचित. लपवल्याचं माफ होईल आणि सासऱ्यांना सांगितल्याचं नाही होणार, असं पण चालतं. आणि आजी आता नाहीत, त्यांच्याशी भांडायची सोय नाही, तर त्यांच्या वाटणीचा राग आईवर काढला जातो हे सगळ्यात जास्त होतं, तेवढं लक्षात ठेवा.

नवऱ्याबद्दल. तुम्ही एकच ओळ लिहिलीय, ते म्हणतात "मला कधी फरक पडलाच नाही म्हणून बोललो नाही". त्यांचा हेतू चांगला असेल पण हे उत्तर पुरेसं नाही आणि ते तुम्ही त्यांना सांगा. आईला तिच्या काळानं आणि सासूनं अडवलं होतं, त्यांना २० वर्षांत कोणीच अडवलं नव्हतं. हा हिशोब वेगळा, आईच्या हिशोबात मिसळू नका.

मुलीला सांगा. याबाबतीत माझं उत्तर ठाम आहे आणि लवकर सांगा, कारण चुलतभाऊ बोललाय म्हणजे गोष्ट घराबाहेर गेलेली आहे, आज ना उद्या एखाद्या लग्नात कोणीतरी तिला ऐकवणार. १६ वर्षांच्या मुलीला हे झेपतं, आईनं लपवलेलं झेपत नाही. मोठी सभा भरवू नका, दोघी भाजी निवडताना किंवा गाडीतून जाताना सांगा, जेवढं तुम्हाला माहीत आहे तेवढं, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून. मला अजून राग येतोय हे पण सांगा. एकच पथ्य, आजीशी कसं वागायचं हे तिचं तिला ठरवू द्या, तिला तुमच्या बाजूनं उभं करू नका. आणि एक व्यवहाराची गोष्ट आहे, डॉक्टर विचारतात ना, घरात कोणाला डायबेटीस, बीपी, कॅन्सर? इतकी वर्षं तुम्ही आईवडिलांचं सांगत आलात. इथून पुढे तुमच्या बाजूचा इतिहास "माहीत नाही" असं सांगायचं, तुमच्यासाठी पण आणि मुलीसाठी पण. तपासण्या त्या हिशोबानं ठरतात.

जाता जाता बाकी वाचणाऱ्यांसाठी, कारण हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. रक्तगट जुळत नाही म्हणून आपण दत्तक आहोत असं घरी बॉम्ब टाकू नका. मुंबईतच १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला "बॉम्बे ब्लड ग्रुप" असतो, साध्या तपासणीत तो ओ दिसतो, आणि अशा माणसाचं मूल ए किंवा बी असू शकतं. दुर्मिळ आहे पण आपल्याकडे आहे. आधी नीट चाचणी, मग शंका.

जन्मदात्या आईचा शोध. कायद्यानं मार्ग आहे, त्याला रूट सर्च म्हणतात. १८ वर्षांवरच्या दत्तक व्यक्तीला स्वतः अर्ज करता येतो, ज्या संस्थेतून घेतलं तिच्याकडे किंवा कारा म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे. तुमच्या वतीनं दुसऱ्या कोणाला, भावाला, एजंटला, पत्रकाराला हा शोध घेता येत नाही, आणि पैसे घेऊन शोधून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. मूल सोडताना जन्मदात्या आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती लागते, आणि ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही तर कोणत्या परिस्थितीत मूल सोडलं एवढं तुम्हाला सांगितलं जातं. कारा १९९० ची, तुमचं दत्तक त्याच्या आधीचं, त्या काळच्या फायली फार पातळ असतात. मी अशा फायली उघडल्यात ज्यात एकच पान होतं, तारीख, वजन आणि अंगठा. त्या तयारीनं जा.

पण घाई नको असं मी म्हणेन, निदान आईशी बोलणं अर्ध्यावर येईपर्यंत. दोन कारणं आहेत. एक, एका आईवर रागावलेलो असताना दुसरी शोधायला निघालं की त्या दुसरीकडून फार अपेक्षा केल्या जातात, आणि ती बाई आज साठीची असेल, तिच्या घरात कदाचित कोणालाच माहीत नसेल, तिचं पण एक गुपित आहे आणि ते तिनं एकटीनं सांभाळलंय. दुसरं म्हणजे, तुमच्या आईला आत्ता वाटतंय की तू मला सोडून तिकडे जाणार. शोधायचं ठरवाल तेव्हा तिला सांगून जा, तिची परवानगी लागते म्हणून नाही, तर या घरात निदान ही एक गोष्ट तरी कोणाला शेवटी कळली असं होऊ नये म्हणून. काही आया तर स्वतः सोबत येतात. मी दोघींना शेजारी बसून जुनी फाईल वाचताना पाहिलंय, मुलीला चष्मा नव्हता आणला तर आई वाचून दाखवत होती.

कागदांचं राहिलं. दोन्हीची स्कॅन कॉपी आणि झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा, वारस नोंदीला आणि अर्जाला लागेल. मूळ कागद काम झालं की आईला परत द्या, तिच्याच कपाटात, फक्त साड्यांच्या खाली नको, बाकी कागदांबरोबर. तिला ते कधीही फाडून जाळून टाकता आले असते आणि मग तुम्हाला जन्मात कळलं नसतं. शपथ होती, सासू होती, भीती होती, तरी तिनं ते ४३ वर्षं जपून ठेवले. का नाही फाडले, हे पण तिला विचारा.